पैसे देऊन नाचणे, पैसे घेऊन नाचणे

मराठीत 'नाचणे' या क्रियापदाची पत मोठी चमत्कारिक आहे. पुण्यात संध्याकाळी पाचच्या सुमारास दप्तर टाकून घुंगरांची पिशवी उचलणाऱ्या मुलीला कुठे निघालीस असे विचारले, तर ती 'कथकला' किंवा नुसते 'क्लासला' असे सांगते. तिची आई जरा सविस्तर बोलली तर 'ती नृत्य शिकते' असे म्हणेल. 'नाच शिकते' असे कोणी म्हणत नाही. नाच हा शब्द आपण इतरांसाठी राखून ठेवला आहे. नाच्या, नाची, नाचगाणी, नंगानाच, झालेच तर कुणाच्या तरी तालावर नाचणे. या सगळ्यांत उपहास तरी आहे, नाहीतर शिवी तरी. वास्तविक दोन्ही शब्दांचे मूळ एकच. 'नृत्य'चे प्राकृतात 'नच्च' झाले आणि मराठीत 'नाच' झाले, एवढाच काय तो प्रवास. व्युत्पत्तीने जे एक ठेवले त्याची समाजाने वाटणी केली. ती वाटणी नेमक्या कोणत्या रेषेवर झाली, हा माझा प्रश्न आहे.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. ही रेषा शास्त्रीय आणि अशास्त्रीय यांच्यामधून जात नाही. श्लील आणि अश्लील यांच्यामधून तर मुळीच जात नाही. जिच्या घरचे फी भरतात ती नृत्य करते, आणि जी नाचून घर चालवते ती नाचते. पैसा कोणत्या दिशेने वाहतो यावर आपल्या शहरांतील नृत्याची सगळी नीतिमत्ता उभी आहे, आणि नृत्याचा क्लास ही संस्था, तिच्या सर्व गुणांसह, त्या नीतिमत्तेची पहिली शाळा आहे.

शहरात क्लास शोधायला निघालेल्या माणसाला काय दिसते ते आधी पाहू. पुण्यात कथक आणि भरतनाट्यम यांच्या क्लासांना तोटा नाही. कुठे इमारतीच्या तळमजल्यावरची सदनिका, कुठे गच्चीवर पत्रे टाकून केलेली खोली, कुठे सोसायटीचे क्लबहाउस, कुठे बाके भिंतीला सरकवून मोकळा केलेला शाळेचा वर्ग. पालकांचे प्रश्नही ठरलेले असतात. फी किती, आठवड्यातून किती दिवस, परीक्षेला कधी बसवणार, वार्षिक कार्यक्रम कुठल्या सभागृहात असतो. जमीन कशाची आहे हे सहसा कोणी विचारत नाही. कथकच्या तत्कारात तळपाय सपाट आपटायचा असतो. काँक्रीटवर थेट बसवलेल्या फरशीवर तो रोज शेकडो वेळा आपटला तर त्या आघाताचा भार फरशी घेत नाही. घोटा, नडगी आणि गुडघा घेतात. खाली थोडी पोकळी ठेवून टाकलेली लाकडी तक्तपोशी ही नर्तकाची चैन नाही. दहा वर्षांच्या मुलीच्या गुडघ्यांची ती किमान काळजी आहे. पण परीक्षेच्या अर्जावर जमिनीचा रकाना नसतो, त्यामुळे तो विषय निघत नाही.

तबलजी बसतो की मोबाइलवर लहरा लागतो, हेही कोणी विचारत नाही. यंत्रातला लहरा चुकत नाही, दमत नाही, आणि त्याला चहा लागत नाही. मात्र तो मुलीकडे पाहतही नाही. समोर बसलेला तबलजी तिच्या पायांकडे बघून लय किंचित सावरतो, तिहाई समेवर आली नाही की मान हलवतो, आली की हसतो. लयीचे शिक्षण म्हणतात ते बरेचसे या मान हलवण्यात असते. तरीही क्लासमधून जो पहिला हद्दपार झाला तो तबलजीच, कारण त्याला तासाचे पैसे द्यावे लागतात. इथेही पैसे घेणाराच गेला, याची नोंद करून पुढे जातो.

हे क्लास आकाशातून पडलेले नाहीत. त्यांचा इतिहास आहे, आणि तो धैर्याचा इतिहास आहे हे आधी मान्य केले पाहिजे. शंभर वर्षांपूर्वी मराठी मध्यमवर्गीय घरातील मुलीने चारचौघांत नाचणे ही कल्पनाच कोणाला सहन झाली नसती. मॅडम मेनका या नावाने गाजलेल्या लीला सोखी यांनी १९३८ मध्ये खंडाळ्याला नृत्यालय काढले. दमयंती जोशी त्यांच्याच छायेत घडल्या. मुंबईत माटुंग्याला राजराजेश्वरी भरतनाट्य कला मंदिर १९४५ मध्ये सुरू झाले. पुण्यात रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये 'नृत्यभारती' स्थापन केली. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडून घेतलेली विद्या त्यांनी नुसती पुढे दिली नाही, तिचा अभ्यासकाच्या डोळ्यांनी विचार केला. इझाडोरा डंकनचे आत्मचरित्र मराठीत आणावेसे वाटणारी कथक नर्तकी ही साधी गोष्ट नव्हे. २००८ मध्ये त्या गेल्या तोवर पुण्यात कथक शिकणे ही कौतुकाची बाब झाली होती. या कर्तृत्वावर डाग पाडण्याची माझी इच्छा नाही.

परंतु जी दारे उघडली ती कुणासाठी, आणि त्याच वेळी बंद झाली ती कुणासाठी, हा प्रश्न कर्तृत्वाच्या गौरवाने सुटत नाही. मुंबई देवदासी संरक्षण कायदा १९३४ चा आहे. मद्रासचा कायदा १९४७ चा. लहान मुलीला देवाला वाहणे हे क्रौर्य होते आणि ते थांबायलाच हवे होते. याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण प्रथा थांबवताना त्या प्रथेत अडकलेल्या बाईजवळ जी विद्या होती तिचे काय करायचे, याचा विचार झाला नाही. झाला तो असा की विद्या तेवढी घ्यायची आणि बाई सोडायची. १९३५ मध्ये रुक्मिणीदेवी रंगमंचावर आल्या, १९३६ मध्ये कलाक्षेत्र उभे राहिले, सदिराचे भरतनाट्यम झाले आणि ते प्रतिष्ठित घरांत गेले. ज्यांच्या अंगात ते पिढ्यानपिढ्या होते त्यांच्यापैकी बहुतेकींना त्या घरांत प्रवेश नव्हता. बालसरस्वती हा ठळक अपवाद. शृंगार 'शुद्ध' करण्याची गरज नाही, तोच या नृत्याचा प्राण आहे, असे त्या शेवटपर्यंत ठणकावून सांगत राहिल्या. कथकचेही तसेच. लखनौच्या घराण्याचे पुरुष गुरू आपण वंदनीय मानतो, ते योग्यच आहे. पण मैफलीत भाव बसून मांडण्याची कला ज्या तवायफांनी जिवंत ठेवली त्यांच्यापैकी एकीचेही छायाचित्र मला आजवर कोणत्याही क्लासच्या भिंतीवर दिसलेले नाही. तिथे नटराज असतो, गुरू असतात, गुरूंचे गुरू असतात. ज्यांना नाचण्याचे पैसे मिळत त्या नसतात.

मराठी माणसाला या बाबतीत एक विशेष लाज वाटायला हरकत नाही. तंजावरच्या सरफोजीराजांनी (ते १७९८ मध्ये गादीवर आले) नृत्यासाठी मराठीत रचना केल्या. म्हणजे भरतनाट्यमच्या घडणीत आपली भाषाही होती. आचार्य पार्वतीकुमार यांनी त्या मराठी रचना विसाव्या शतकात पुन्हा रंगमंचावर आणल्या. असे असताना आपल्या शहरातली मुलगी अर्थ न कळणाऱ्या तेलुगू पदम्‌वर दहा वर्षे हात फिरवते आणि सरफोजीचे नाव तिला परीक्षेच्या लेखी उत्तरपत्रिकेतसुद्धा क्वचितच भेटते. असो. हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

'अरंगेत्रम' या शब्दाकडे जरा थांबून पाहू. रंगमंचावर चढणे असा त्याचा अर्थ. ज्या स्त्रियांकडून ही कला आली त्यांच्या आयुष्यात त्या दिवशी व्यवसायाला प्रारंभ होत असे. त्या दिवसानंतर ती मुलगी नाचून मिळवती होई. आज शहरात अरंगेत्रम होते तेव्हा काय होते? सभागृह भाड्याने घेतले जाते, मृदंग आणि गायन यांचे साथीदार बोलावले जातात, वेषभूषा शिवली जाते, रंगीत पत्रिका छापली जाते, एक निवृत्त अधिकारी प्रमुख पाहुणे म्हणून येतात, आणि शेवटी सर्वांना जेवण. खर्च एखाद्या लहानशा लग्नाइतका, आणि तो मुलीचे वडील करतात. त्यानंतर ती मुलगी बारावीचा अभ्यास करते, अभियांत्रिकीला जाते, आणि घुंगरू माळ्यावर जातात. रंगमंचावर चढण्याचा विधी आपण रंगमंचावरून उतरण्याचा विधी करून टाकला, आणि तो इतक्या थाटाने की कोणाच्या ध्यानातही आले नाही.

परीक्षांबद्दल बोलायचे म्हणजे फार जपून बोलावे लागते, कारण त्यांच्यामागे एका थोर माणसाचे स्वप्न आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. उस्तादाची मर्जी सांभाळण्यात आयुष्य घालवावे लागणाऱ्या विद्येला त्यांनी वेळापत्रक, पाठ्यपुस्तक आणि शुल्क दिले. पुढे १९३१ मध्ये मंडळ स्थापन झाले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या पायऱ्यांमुळे लहान गावातल्या शिक्षिकेलाही एक अभ्यासक्रम मिळाला, आणि आपण कुठे आहोत हे विद्यार्थ्याला कळू लागले. हा लोकशाहीचा विजय होता. आता त्याच पायऱ्यांवरून मुली कशा चढतात ते पाहा. एक ताल, त्यातले ठरलेले तोडे आणि तुकडे, एक गतनिकास, अभिनयदर्पणातील हस्तांचे श्लोक पाठ. परीक्षेआधी दोन महिने तेवढेच, परीक्षेनंतर पुढच्या परीक्षेचे तेवढेच. परीक्षेबाहेरचा एक बोल मागितला तर मुलगी शिक्षिकेकडे बघते. तिला स्वतःहून काही नाचता येईल ही शक्यताच तिच्या शिक्षणात कुठे आलेली नसते.

त्यात २०१७ मध्ये शासनाने शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी दहावीला अतिरिक्त गुण देण्यास सुरुवात केली. हेतू चांगला होता; कलेला शाळेत मान मिळावा असा. परिणाम काय झाला ते क्लास चालवणाऱ्या कोणालाही विचारा. आठवी-नववीत एकाएकी गर्दी होते, दहावीच्या प्रस्तावाची तारीख गेली की बॅच रिकामी. ज्या कलेचे फळ म्हणून माणसाला आनंद मिळावा असे आपल्या शास्त्रकारांनी सांगितले, तिचे फळ आता टक्केवारीच्या दशांशांत मोजता येते. मुलींना मी दोष देत नाही. ज्या व्यवहारात त्यांना ढकलले त्यातला उत्तम सौदा त्या करतात.

क्लासचा दरवाजा नेमका कुणासाठी उघडतो हे पाहायचे असेल तर त्या वयाबाहेरच्या माणसाने तो ठोठावून पाहावा. मी ४३ वर्षांचा असताना मला कथकची अगदी प्राथमिक तालीम घ्यावीशी वाटली आणि मी ९ ठिकाणी फोन केले. बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न एकच आला: 'मुलगी कितवीत आहे आपली?' शिकणारा मीच, असे सांगितल्यावर पलीकडे जी शांतता पसरे ती ऐकण्यासारखी होती. एका बाईंनी सौजन्याने सांगितले की सकाळी अकराची बॅच गृहिणींची आहे, तिथे पुरुष चालणार नाही. दुसऱ्या एकीने झुंबा सुचवला, वजनासाठी चांगला असतो म्हणून. तिसऱ्या ठिकाणी मात्र मला लाखमोलाचे वाक्य ऐकायला मिळाले. 'परीक्षा द्यायच्या नसतील तर मग शिकून करणार काय?' त्या बाईंच्या प्रश्नात उपरोध नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हते. गंमत अशी की ज्या बिंदादीन, अच्छन, लच्छू, शंभू महाराजांची नावे मुली पाठ करतात, आणि ज्या बिरजू महाराजांना २०२२ मध्ये गेल्यावर सगळ्यांनी अश्रुपूर्ण निरोप दिला, ते सारे पुरुषच होते. पण आपल्या शहरातला मुलगा क्लासला गेला तर शाळेत त्याला 'नाच्या' म्हणतात. पुन्हा तोच शब्द. तमाशातल्या नाच्याने आपल्या हावभावांतून पोट भरले, आणि त्याचे नाव आपण मुलांना शिवी म्हणून दिले. (अखेर मला शिक्षिका मिळाल्या, रात्री आठची वेळ मिळाली, आणि दोन संगणक अभियंते व एक निवृत्त बँक कर्मचारी असे सोबतीही मिळाले. म्हणजे शिकवणारे आहेत. शोधणाऱ्याला चिकाटी हवी इतकेच.)

आता शास्त्रीय नृत्य बाजूला ठेवू, कारण शहरातल्या बहुसंख्य क्लासांत ते नसतेच. तिथे चित्रपटगीतांवरचा नाच शिकवतात. कुठे त्याला बॉलिवूड म्हणतात, कुठे फ्रीस्टाइल, कुठे कंटेंपररी. या क्लासांविषयी शास्त्रीयवाल्यांना जी तुच्छता वाटते ती मला वाटत नाही. उलट तिथे मुले घामाघूम होऊन हसताना दिसतात, हे दृश्य विशारदच्या परीक्षेत दुर्मीळ. माझी तक्रार वेगळी आहे.

२००५ साली 'बंटी और बबली' मधले 'कजरा रे' देशभर वाजत होते. त्याच वर्षी पावसाळ्यात महाराष्ट्र विधिमंडळाने मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती करून डान्स बारमधील नाचावर बंदी घातली. गृहखाते तेव्हा आर. आर. पाटील यांच्याकडे होते. नव्या ३३-अ कलमाने उपाहारगृहे, परमिट रूम आणि बिअर बार येथील नाच बंद झाला. लगेच पुढच्या ३३-ब कलमाने नाट्यगृहे, सदस्यांसाठीचे क्लब, जिमखाने आणि तीन वा अधिक तारांकित हॉटेले वगळली. कायद्याच्या भाषेत इतका प्रांजळ कबुलीजबाब क्वचित वाचायला मिळतो. तेच गाणे, तीच कंबर, तेच हात. पाहणारा श्रीमंत असेल तर मनोरंजन, नसेल तर समाजाचे अधःपतन. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही बंदी घटनाबाह्य ठरवली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. शासनाने २०१४ मध्ये पुन्हा कायदा केला, त्याला २०१५ मध्ये स्थगिती मिळाली. २०१६ मध्ये आणखी एक कायदा आला, त्यातल्या अनेक अटी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केल्या. चौदा वर्षे राज्यातील सर्व पक्षांची सरकारे एका गोष्टीवर ठाम राहिली, आणि ती गोष्ट सिंचन किंवा शाळा नव्हती.

आणि त्या २००५ च्या हिवाळ्यात शाळाशाळांच्या स्नेहसंमेलनांत काय चालले होते? सहा-सात वर्षांच्या मुली, ओठ रंगवून, त्याच गाण्यांवर क्लासमध्ये बसवलेले नाच करत होत्या. खाली आईवडील चित्रीकरण करत होते. त्या नाचाला कोणी आक्षेप घेतला नाही, आणि मीही घेत नाही. गाण्याची मजा मुलांनी का घेऊ नये? परंतु ज्या समाजाला सात वर्षांच्या मुलीने त्या गाण्यावर नाचलेले चालते त्याला सत्तावीस वर्षांच्या बाईने त्याच गाण्यावर नाचून खोलीचे भाडे भरलेले का चालू नये, याचे उत्तर नैतिकतेच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. ते फीच्या पावतीवर सापडते. संशोधक अ‍ॅना मॉर्कम यांनी भारतातील नृत्याच्या या दोन जगांवर ग्रंथ लिहिला आहे. एक जग प्रतिष्ठित होत गेले आणि दुसरे बेकायदा होत गेले, या दोन वेगळ्या घटना नाहीत असे त्या दाखवतात. ते इंग्रजीत वाचावे लागते याचे मला वाईट वाटते. मराठीत ते आपण आधी लिहायला हवे होते, कारण साहित्य आपल्या दारात पडले होते.

ते म्हणजे लावणी. पुणे-सोलापूर रस्त्यावर चौफुला आहे. तिथली कलाकेंद्रे सगळ्यांना ठाऊक आहेत आणि तिथे आपण गेल्याचे कोणी सांगत नाही. संगीतबारीतल्या बायकांपैकी अनेक कोल्हाटी समाजातल्या. त्यांच्यापैकी एखादी पायांनी जे बोलते, नजरेने जी जागा घेते, ते कोथरूडच्या क्लासमध्ये दहा वर्षांत येत नाही; आणि हे मी कौतुकाच्या भरात म्हणत नाही, दोन्ही पाहून म्हणतो. वाईच्या यमुनाबाई वाईकर यांची बैठकीची लावणी ज्यांनी ऐकली-पाहिली, त्यांना अभिनय म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागले नसेल. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१२ मध्ये, वयाच्या नव्वदीनंतर. १९१५ चा जन्म असलेल्या त्या बाईंनी स्वातंत्र्याच्या आसपास लागलेली तमाशावरची बंदीही पाहिली होती, आणि मग तमाशा 'सुधारण्यासाठी' नेमलेली समितीही. शर्मिला रेगे यांनी १९९० च्या दशकातच दाखवून दिले होते की लावणी वरच्या जातींनी उचलली आणि लावणी करणारी स्त्री तिच्या जागीच ठेवली. रेगे पुण्यातच शिकवत असत. पुण्याने ते किती वाचले?

आता पुण्यात लावणीच्या कार्यशाळा निघतात. शनिवार-रविवार, नऊवारी बरोबर आणावी, शेवटी प्रमाणपत्र. शिकवणाऱ्या बहुधा क्लासमधूनच तयार झालेल्या. चित्रपटातल्या दोन लावण्या बसवून देतात. उत्साहाने येणाऱ्या मुलींविषयी माझ्या मनात किल्मिष नाही. पण जिच्याकडे ही विद्या आहे ती बाई त्या कार्यशाळेत गुरू म्हणून बसलेली मला अजून दिसायची आहे. १९६८ मध्ये उघडलेल्या बालगंधर्व रंगमंदिराने मात्र या बाबतीत कुणाहीपेक्षा मोठे मन दाखवले आहे. त्याच रंगमंचावर विशारदांचे कार्यक्रम होतात आणि त्याच रंगमंचावर लावणीचे. पडदा एक, दिवे एक, फळ्याही त्याच. प्रेक्षक तेवढे दोन. 'फक्त महिलांसाठी' अशी पाटी लावून जेव्हा लावणीचे प्रयोग झाले तेव्हा सभ्य घरातल्या बायका खुर्च्यांवर उभ्या राहून नाचल्या, शिट्ट्या वाजवल्या. पुरुष पाहणारे नसले की लावणी कशी निर्मळ होते! मग दोष लावणीत होता की पाहणाऱ्यात?

या सगळ्यावर जो गंभीर आक्षेप आहे तो टाळणे अप्रामाणिक होईल. मी शोषणाला कलेचे नाव देऊन गोड करतो आहे, असे म्हणता येईल. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ मध्ये आले. ते वाचलेल्या माणसाने चिरा उतरण्याच्या प्रथेबद्दल किंवा नाचणाऱ्या बाईच्या आयुष्याबद्दल भाबडे राहू नये हे खरे. पण काळे यांचा रोख कुणावर आहे ते नीट पाहावे. तो बहिणींच्या कमाईवर बसून खाणाऱ्या पुरुषांवर आहे, मूल देऊन पाठ फिरवणाऱ्या मालकांवर आहे. आपण घातलेल्या बंदीने त्यांच्यापैकी कुणाचे काय बिघडले? बारमालकाने दुसरा धंदा काढला, पैसे उधळणारा दुसरीकडे गेला, आणि जिला फक्त नाचता येत होते तिला सांगितले की तू शिवणकाम शीक. जिच्याजवळ वीस वर्षांची विद्या आहे तिला आपण शिवणकाम सुचवतो, आणि जिच्याजवळ ती नाही अशा आपल्या मुलीला ती मिळावी म्हणून महिन्याला हजारो रुपये मोजतो. ही विसंगती ज्यांना दिसत नाही त्यांच्याशी कला या विषयावर बोलणे कठीण आहे.

दुसरा आक्षेप क्लास चालवणाऱ्या शिक्षिका घेतील, आणि तो मला अधिक लागतो. आम्हीही नृत्यावरच जगतो, मग पैसे घेऊन नाचणारी आणि आम्ही यांत तुम्ही भिंत कशी उभी करता? त्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. त्या नृत्यावर जगतात, पण नाचून जगत नाहीत, शिकवून जगतात. शहरातल्या चांगल्या, तयारीच्या नर्तकीला कार्यक्रमाचे मानधन बहुधा साथीदारांनाही पुरत नाही. पुष्कळदा सभागृहाचे भाडे तीच भरते, निमंत्रणे तीच वाटते, आणि तिकीट लावले तर लोक येणार नाहीत म्हणून प्रवेश विनामूल्य ठेवते. म्हणजे उत्तम नर्तकीसुद्धा पैसे देऊनच नाचते. ते पैसे ती पाच ते आठ या वेळात मुलींना प्रवेशिकेची तयारी करून घेऊन मिळवते. नाच पाहण्याचे पैसे द्यावे लागतात ही गोष्टच आपण अशिष्ट ठरवली, आणि त्याची पहिली शिक्षा लावणीवालीला झाली, दुसरी हिला. या दोघींचे हितसंबंध एक आहेत. पण त्या एकमेकींना भेटत नाहीत, कारण भेटल्या तर पालक मुलीला दुसऱ्या क्लासला घालतील.

काय करता येईल, असा प्रश्न येईलच. विद्यापीठांनी काही केलेले आहे. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ पासून आहे, मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे. पण पदवी घ्यायला सगळे जात नाहीत, संध्याकाळी मोकळे असलेले पुष्कळ असतात. साठीच्या बाईंना, रिक्षा चालवणाऱ्या मुलाला, परीक्षा द्यायची नसलेल्या कुणालाही नाच शिकता यावा अशी जागा शहराने दिली पाहिजे. तिथे तबलजीला आणि ढोलकीवाल्याला तासाचे पैसे मिळावेत, आणि लावणी शिकवायला संगीतबारीतून निवृत्त झालेल्या बाईला महापालिकेने शिक्षिकेच्या पगारावर नेमावे, कार्यशाळेच्या मानधनावर नव्हे. तिच्याकडे प्रमाणपत्र नसेल. परीक्षक मंडळाने हवे तर चौफुल्याला जाऊन तिकीट काढून तिची परीक्षा घ्यावी.

जागेची सबब मात्र कोणी सांगू नये. महापालिकेच्या शाळांची सभागृहे पेठापेठांत आहेत. दुपारी शाळा सुटते, साडेपाचला शिपाई कुलूप लावतो, आणि किल्ली त्याच्या घरी जाते.